विनातिकीट पाखड

"तिकीट दाखवा."

गणपती जाऊन आठवडा झालेला, भात निसवायच्या बेतात, आणि कुणग्याच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, मधोमध सत्तरी ओलांडलेला एक माणूस गवताच्या ताटापुढे वाकून, अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत, तिकीट मागतोय. रस्त्याने मालवणला जाणारे पर्यटक गाडी थांबवून मोबाइल काढतात. आम्ही वाडीतली माणसं मात्र ढुंकूनही बघत नाही.

"तिकीट नाही? मग चढलात कशाला? चला, उतरा खाली."

गवत मुळासकट उपटलं जातं आणि खांद्याला अडकवलेल्या जुन्या चामडी पिशवीत जातं. मग तोंडानेच "टिंग टिंग" अशी डबल बेल होते आणि स्वारी पुढच्या ताटाकडे वळते.

हे आमचे शेजारी वासूकाका. हयातभर कसाल-मालवण रस्त्यावर कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त व्हायला तयार नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही" म्हणत भाताचं पातेलं घेऊन फिरतात. देवळात आरतीला गर्दी झाली की मधोमध वाट करतात. आणि बसत म्हणून नाहीत. आमच्या पडवीत आले की वरचा वासा हाताने धरून उभे राहणार, तसेच उभ्याने चहा पिणार आणि किंचित डुलत गप्पा मारणार. बसा म्हटलं की म्हणतात, "नको रे मास्तरा. माझो थांबो इलो." मास्तर म्हणजे मी. कसालच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे शेतीतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो कसा गेला, ते पुढे येईलच.

घरीदारी अस्सल मालवणी बोलणारा हा माणूस गवताशीच शुद्ध का बोलतो, हे मी एकदा विचारलं होतं.

"डुटीवर मालवणी बोलाक गेल्यार सगळेच नातेवाईक निघतत," काका म्हणाले. "मगे तिकीट कोणाक मागतलंय?"

आता हे गवत म्हणजे पाखड. भातातलं सगळ्यात लबाड तण. लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं, भाताच्याच ओळीत मानभावीपणे उभं राहतं, भाताचं खत खातं आणि भाताच्या आधी तुरा काढून हजारो बिया चिखलात टाकून मोकळं होतं. ओळखायचं कसं? पान जिथे ताटाला चिकटतं तिथे भाताला एक पातळ, पांढरट पापुद्रा असतो, नखाएवढा. पाखडाला तो नसतो, सगळं गुळगुळीत. वासूकाकांच्या हिशेबी तो पापुद्रा म्हणजे तिकीट. अंगठ्याच्या नखाने पान किंचित मागे ओढतात, डोळे बारीक करून बघतात आणि पापुद्रा दिसला तर त्या भाताला "बसा" म्हणून पुढे जातात. स्वतः न बसणारा माणूस भाताला मात्र बसवतो.

पूर्वी हे पाखड तणनाशकाच्या फवाऱ्याने मरायचं. आता आमच्या मळ्यात मरत नाही. औषध मारलं की दोन दिवस पिवळं पडल्याचं नाटक करतं आणि तिसऱ्या दिवशी न्हाऊनमाखून उभं. का मरत नाही, हे कृषी सहायक मॅडमनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून तासभर समजावलं. मी पहिल्याच रांगेत वही घेऊन बसलो होतो, तरी नीटसं कळलं नाही. वासूकाका खांब धरून मागे उभे होते. बाहेर पडल्यावर त्यांनी मला चार वाक्यांत सांगितलं.

"समज, गाडयेत साठ माणसां आसत. चेकर चढलो. विनातिकीट होते तितके सगळे उतरवल्यान. पण दोघांकडे पास होतो, ते रवले. आता गाडी रिकामी, तेंका जागाच जागा. तेंनी पोरां केल्यांनी, पोरांकडेय तोच पास. दुसऱ्या वर्षी परत तोच चेकर इलो. काय करतलो तो? सगळी गाडीच पासवाली!"

"मग उपाय काय, काका?"

"चेकर बदलूक व्हयो. दर वर्षी तोच तोच पाठवून चलणा नाय. आणि पासवाले रवले तेंका हातान धरून एकेकाक उतरवूक व्हया, पोरां होवच्या आधी."

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गाला हेच शिकवलं. आजवर माझा एवढा एकच तास मुलांना पूर्ण कळलेला आहे.

तर या गाडीत एक भानगड होती. वासूकाकांच्या कुणग्याला लागून बाबलकाकांचा कुणगा. मध्ये एक बांध आणि बांधावर एक माड. बाबलकाका आणि वासूकाका एकाच वर्षी जन्मलेले, एकाच पाटीवर लिहिलेले, एकाच दिवशी शाळेतून पळालेले. काकांची शेवटची गाडी वाडीच्या फाट्यावर थांबायची, तेव्हा बाबलकाका कंदील, पुढे बॅटरी, घेऊन न चुकता उभे असायचे. कंडक्टरला न्यायला माणूस येतो, अशी साऱ्या रस्त्यावर ही एकच गाडी होती. असे हे दोघे पाच वर्षांपूर्वी भांडले. आणि भांडले कुठे, तर देवळात, ऐन गाऱ्हाण्याच्या वेळी.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला घातलेली विनंती. एक जाणता माणूस मोठ्याने म्हणत जातो आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळे "होय म्हाराजा!" अशी साथ देतात. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. समोरून आवाज थांबला की तोंड आपोआप उघडतं.

त्या दिवशी गाऱ्हाणं रंगात आलेलं. "बा देवा म्हाराजा, शेतभाताक जा काय वाकडा लागला आसात ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

जाणत्याने दम घेतला, तेवढ्यात बाबलकाका मध्येच बोलले, "आणि ता पाखड ह्या वासूच्या शेतासून येता!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

वासूकाका ताडकन वळले. "माझ्या शेतासून? तुझ्याच पंपाक भोकां आसत! आजपासून तुझ्या मातयेक पाय लावचंय नाय!"

"होय म्हाराजा!"

"आणि मी तुझ्याशी जल्मात बोलूचंय नाय!" बाबलकाका गरजले.

"होय म्हाराजा!"

शेवटच्या होकाराच्या वेळी आपण काय म्हणतोय हे आमच्या ध्यानात आलं, पण तोवर फार उशीर झाला होता. दोन म्हाताऱ्यांचं रागाच्या भरातलं बोलणं आख्ख्या गावाने देवासमोर मंजूर करून टाकलं. मीही ओरडलो होतो. माझा आवाज तर शाळेत कमावलेला आहे.

तेव्हापासून बाबलकाका वासूकाकांशी बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर ते बांधावरच्या माडाला सांगतात. "रे माडा, सांग त्येका, तेचो रेडो माझ्या पाण्यात बसलोहा." माड अर्थातच सांगत नाही, पण वासूकाका रेडा हाकलतात.

आणि वासूकाका बाबलकाकांच्या मातीला पाय लावत नाहीत. पण पलीकडे विनातिकीट प्रवासी उभा दिसला की यांचा जीव वरखाली होतो. त्यातून त्यांनी काढलेली तोड बघायला तालुक्यातून माणसं यावीत अशी आहे. आंबे काढायचा झेला असतो ना, लांब बांबू, टोकाला पातं आणि खाली जाळी? तो घेऊन वासूकाका रोज सकाळी आपल्या बांधावर उभे राहतात. बांबू पलीकडच्या भातात अलगद सोडतात, पाखडाचा तुरा जाळीत घेतात आणि पात्याने कापतात. हापूस उतरवावा तशा हळुवारपणे. एक बी खाली पडू देत नाहीत. "पाय नाय लावचंय म्हटलेलंय," ते मला म्हणाले, "बांबवाचा कोणी काढूक नाय."

मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. बाबलकाका स्वतः मोठे टापटिपीचे. त्यांचा कुणगा आरशासारखा स्वच्छ. पण माडाजवळच्या कडेला, बांबू पोचेल तेवढ्याच पट्ट्यात, चारदोन पाखडं दर वर्षी हमखास उभी. म्हाताऱ्याची नजर तिथवर पोचत नसेल, असं मी धरून चाललो होतो. विज्ञानाचा मास्तर ना मी.

यंदा मात्र गणपतीच्या आधीच बाबलकाका विहिरीवर घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. डॉक्टरांनी दोन महिने पाय खाली टेकायला बंदी केली. मुलगा मुंबईला, सून नोकरीवाली. दोघं येऊन, एक बाई घरकामाला ठेवून परत गेली. बाबलकाका पडवीत खुर्ची टाकून पाय स्टुलावर ठेवून बसले, आणि पुढ्यातल्या कुणग्यात पाखड माजत चाललेलं दिवसभर बघत राहिले.

नुसतं शेत असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बाबलकाकांच्या त्या कुणग्यात वालय असतं. वालय म्हणजे आमचं जुनं लाल भात, पेजेला याच्यासारखं दुसरं नाही. बाकी सगळे कधीच सुधारित बियाण्यावर गेले. शुद्ध वालयचं बी राखणारा वाडीत हा एकच माणूस, आणि ज्याला हवं तो त्यांच्याकडूनच मूठ-मूठ नेतो. त्यात पाखड पिकून मिसळलं असतं तर ते बी कुणालाच देता आलं नसतं. दिलं असतं तर बियाण्याबरोबर पासवाले घरोघर गेले असते. म्हणजे वालय संपलंच. हे बाबलकाकांना कळत होतं आणि म्हणून ते कुणाला काही म्हणत नव्हते. नुसते बघत होते. ते बघणं मला बघवत नव्हतं.

बेणायला, म्हणजे तण काढायला, बायका मिळेनात. सगळ्या काजूच्या कारखान्यात. शेवटी मी म्हटलं, मी जातो. रविवार होता. पँट वर दुमडून उतरलो आणि दोन तासांत मोठा भारा उपटून बांधावर आणून टाकला. वासूकाकांनी एक ताट उचललं, नखाने पान मागे ओढलं आणि त्यांचा चेहरा पडला. दुसरं बघितलं. तिसरं बघितलं.

"मास्तरा," ते हळूच म्हणाले, "तिकीटवाले उतरवलंस रे."

भाऱ्यातलं निम्मं वालय होतं. पडवीतून आवाज आला, "रे माडा, त्या मास्तराक सांग, शाळेत जा म्हणान."

वासूकाकांनी मग देवळात जाऊन कौल लावून बघितला. शपथेतून मोकळं करतोस का म्हणून देवाला विचारलं. पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि कोणती आधी पडते त्यावर उत्तर ठरतं. उजवी पडली तर हो. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा डावी. देवाचं तरी काय चुकलं? सगळ्या गावाने होय म्हटलेलं त्याने एकट्याने नाही कसं म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वासूकाकांच्या घरातून धूर आणि शालूकाकींचा आवाज असे दोन्ही एकदमच बाहेर आले. शालूकाकी म्हणजे काकांची बायको, एरवी शांत बाई. मी धावत गेलो. वासूकाका चुलीसमोर उभे राहून, मोठ्या लोखंडी कढईत, कालथ्याने परतून परतून, माती भाजत होते.

"बग रे मास्तरा, कायता खूळ लागला ह्येंका!" काकी म्हणाल्या. "सकाळपासून चाय नाय! अवो, मीठ-मिरची घालू काय तेच्यात?"

"काका, ह्यां काय करतास?" मी विचारलं.

"माझ्या शेतातली माती," काका न थांबता म्हणाले. "हे गमबूट बगलंस? ही माती बुटात भरतलंय आणि तेच्यात पाय घालतलंय. मगे बाबलाच्या कुणग्यात उतारलंय तरी पाय खंय आसत? माझ्याच मातयेत."

मी म्हटलं, "पण बूट घातले की पाय तसेही मातीला लागत नाहीत. मग नुसते बूट चालतील की."

"ती पळवाट झाली," काका करड्या आवाजात म्हणाले. "देवाक फसवूचा नाय."

"आणि भाजता कशाला?"

"मॅडम काय सांगी होती? एका शेतातली माती दुसऱ्या शेतात न्हेव नको, तेच्यातसून बियो जातत. कच्ची माती न्हेलंय तर आणखी पासवाले चढतले. भाजली काय सगळे मेले."

मला हसू आवरेना. पण काका हसत नव्हते. कालथा मातीत तसाच रुतवून ते कढईकडे बघत राहिले.

"मास्तरा, ती पयली बाटली मीच हाडलेलंय," ते म्हणाले. "मालवणच्या दुकानासून, माझ्या गाडयेतसून. बाबलाक म्हटलंय, बायकांची कंबार मोडता बेणून बेणून, ह्यां मार. दुसऱ्या वर्षी तीच बाटली. तिसऱ्या वर्षी तीच. आठ वर्सां तीच. आणि एकच गावली तर दोघांक पुरवची म्हणान निम्मो डोस. बाबल सांगी होतो, वासू, चार मरणत नाय. मी म्हटलंय, तुझो पंप वायट. त्या दिवशी मॅडम सांगाक लागली आणि माका घाम फुटलो. चेकर तोच तोच मीच पाठवलंय. पास मीच वाटलंय रे. आणि देवळात सगळ्यांदेखत आवाज चढवलंय कोणार? बाबलार."

 काकींनी मातीत रुतलेला कालथा उपसून घेतला आणि स्वतः माती परतायला लागल्या.

माती निवली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि दोन्ही गमबूट नडगीपर्यंत भरले. वासूकाकांनी त्यात पाय खुपसले. एकेक बूट पायलीभर जड झाला होता. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी, आणि प्रत्येक पावलाला भच्च, भच्च. मिरवणुकीतल्या पालखीच्या चालीने काका बांधापर्यंत आले. माडाला एक हात लावला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. आणि पाच वर्षांनी पलीकडे उतरले. मागोमाग भारा धरायला मी. उपटायला मला सक्त मनाई होती.

"तिकीट दाखवा."

पडवीतले बाबलकाका खुर्चीत सरळ झाले.  मग हाक आली, "रे माडा, ह्यो हय कसो घुसलो? शपथ खंय गेली तेची?"

वासूकाकांनी एक बूट चिखलातून वर काढला, त्यातली चिमूटभर माती उचलून उंच धरली आणि मला म्हणाले, "मास्तरा, सांग त्या माडाक, माझे पाय माझ्याच मातयेत आसत."

मी माडाला सांगितलं. बी.एस्सी. झालेला माणूस मी, पण सांगितलं.

बाबलकाका विचारात पडले. "रे माडा," ते शेवटी म्हणाले, "माती भाजल्यान काय विचार. कच्ची माती माझ्या वालयात नको."

"भाजली! माझी कढई जाळून!" पलीकडच्या कुंपणावरून शालूकाकी ओरडल्या.

"मगे बरां," बाबलकाका माडाला म्हणाले आणि पुन्हा मागे टेकले.

तीन सकाळी हे काम चाललं. वासूकाका ताटामागून ताट तपासत होते, तुरे आधी जाळीत घेऊन मग मुळं उपटत होते. भारे मी रस्त्यापलीकडे नेऊन जाळत होतो. पडवीतून माडामार्फत सूचना येत होत्या. उजव्या कोपऱ्यात बघ, पाटाच्या कडेक दोन लपलेहत, मास्तराक वालय तुडवू नको सांग. दुसऱ्या दिवशी वासूकाका मधोमध थांबले. पाठ पडवीकडे, वाकलेले तसेच, आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "रे माडा, सांग त्येका, डोस निम्मो होतो. आठय वर्सां. पंप वायट नाय होतो. मी वायट."

 माडाच्या झावळ्या वाऱ्यावर हलल्या.

"रे माडा," बाबलकाकांचा आवाज आला, "सांग त्येका, बाटलेर लिवलेला माका वाचूक येता. भांडाण झाला त्याच राती वाचलंय."

वासूकाका गर्रकन वळले. माडबीड विसरून थेट ओरडले, "मगे सांगलंस कित्या नाय मेल्या, पाच वर्सां?"

"रे माडा, सांगतलंय कसो?" बाबलकाका म्हणाले. "बोलूचंय नाय म्हटलेलंय मां. सगळ्यांनी होय म्हाराजा केल्यांनी."

मी खाली मान घालून भारा बांधायला लागलो. त्या "सगळ्यांत" मी होतो.

तिसऱ्या दिवशी कुणगा निर्मळ झाला. वालय वाचलं. पुढे महिन्याभराने कापणी झाली आणि बाबलकाकांनी पडवीत बसून वाडीला मूठ-मूठ बी वाटलं. वासूकाकांनीही घेतलं, अर्थात माझ्यामार्फत. त्या तिसऱ्या दिवशीचं मात्र एक सांगायचं राहिलं. काका सगळं आटपून बांधावर चढले, तेव्हा माडाजवळ, बांबू पोचेल अशा पट्ट्यात, चार पाखडं तशीच उभी होती. निसवलेली, ठळक, माझ्यासारख्यालाही ओळखू येतील अशी.

"काका, ही चार राहिली," मी म्हटलं.

"रवांदेत," काका पिशवी काढत म्हणाले. "पास आसा तेंका."

मी चार पाखडांकडे बघितलं, माडाकडे बघितलं, पडवीकडे बघितलं. दर वर्षी स्वच्छ कुणग्याच्या कडेला बांबूच्या मापाने राहणारी ती चारदोन पाखडं बाबलकाकांच्या नजरेतून सुटत नव्हती. ते ती राखत होते. आणि वासूकाकाही सगळी एकदम न कापता रोज एकच तुरा उतरवत होते. पाच वर्षं हे दोन म्हातारे तालुक्यातलं सगळ्यात वाईट तण असं पुरवून पुरवून वापरत होते, सकाळी एकमेकांसमोर उभं राहायला काहीतरी निमित्त हवं म्हणून. कृषी खात्याच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. 

दुसऱ्या दिवशी गमबूट शालूकाकींनी धुऊन उन्हात घातले आणि वासूकाका पूर्वीसारखे झेला घेऊन बांधावर उभे राहिले. रोज एक तुरा. चार पाखडं चार सकाळी पुरली.

पाचव्या दिवशी शाळेला निघताना मी बघितलं. कडेला पाखड नव्हतं, कुठेच नव्हतं. तरी वासूकाका आले होते. खाकी शर्ट, हातात रिकामा झेला. बांधावर उभे राहून ते भाताकडे बघत किंचित डुलत होते. उतरवायला कुणी नव्हतं आणि परत जायला पाय निघत नव्हता.

पडवीतली खुर्ची त्या दिवशी अगदी पायरीपर्यंत पुढे ओढलेली होती.

"रे माडा," बाबलकाका म्हणाले, "त्येका सांग, गाडी रिकामी आसा. आता तरी बस म्हणावा."

वासूकाकांनी इकडे तिकडे बघितलं. मग झेला माडाला टेकवून ठेवला, खांद्याची पिशवी मांडीवर घेतली आणि बांधावर बसले. पाय मात्र काळजीपूर्वक आपल्याच बाजूला सोडले होते.